तिसऱ्या रांगेतल्या बाई

दि. ६ मार्च

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतोय आणि तू औषधांच्या दुकानात दिवसभर उभीच असतेस, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. जगाला गोळ्या देतेस, स्वतः एक घेत नाहीस. भाचीचं लग्न ठरलं हे वाचून मी हातातली कात्री खाली ठेवली. खुर्चीतल्या बाईंचे केस अर्धे कापून झाले होते, त्यांनाही बातमी सांगितली.

फोनच करणार होतो, पण तुमचा फोन बैठकीत. तिथे तू हं आणि बरं याच्या पलीकडे जात नाहीस. शिवाय आज एक मागणं आहे, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

येत्या बारा एप्रिलला इथल्या वाचनालयामागच्या सभागृहात आमच्या लोकांचा कार्यक्रम आहे. आमच्या म्हणजे कुठल्या, ते तू जाणतेस. ही पोरं स्वतःला क्वीअर म्हणवतात, मी त्यांच्यात आजोबा शोभतो. नाटक नाही की गाणं नाही. ज्याने त्याने स्टेजवर आपलं काहीतरी करून दाखवायचं. बँकेतला एक दाढीवाला कारकून लाल झगा घालून आपल्या आईच्या आवाजात घरचे नियम वाचतो, तालमीत आम्ही हसून लोळलो. दोघीजणी एक मोठी चादर घेऊन येतात आणि तिची नुसती घडी घालतात. तिकिटांचे पैसे एका घराला जाणार. आईबापांनी बाहेर काढलेली पोरं तिथे राहतात, आणि छप्पर गळतंय.

मी वेणी घालणार आहे. एक खुर्ची, एक कंगवा. वेणी घालताना सांगणार, की आई पहाटेच कामाला जायची, म्हणून ताईने स्वतःच्याच केसांवर मला वेणी शिकवली. पेड चुकला की हात मागे करून चापट मारायची. आज ज्या हातांवर माझं पोट भरतंय, ते तिने घडवलेत.

त्या खुर्चीत तू बसावंस, ताई. बोलायचं काही नाही. तुझी पाठ लोकांकडे, तोंड पडद्याकडे. शेवटी मी एवढंच म्हणणार, ही माझी ताई.

भाडेकरूने नमस्कार सांगितलाय. इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार करूनही तुझ्या पत्रांत तो भाडेकरूच. भाडं मात्र एकदाही दिलेलं नाही, हे तुला कळवायला सांगतोय.

लोभ आहे, तो या खेपेला स्वतः घेऊन ये.

तुझा,
धाकटा


दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कारण माझे केस राहिलेत किती हे तुला ठाऊक नाही. वेणी घालायला जाशील तर उंदराचं शेपूट हातात येईल. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

होणाऱ्या विहीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त झाल्यात. माणूस स्वच्छ, बोलणं स्वच्छ, घर तर इतकं स्वच्छ की मला चप्पल कुठे काढू ते कळेना. राहतात तुझ्याच शहरात. आणि हौस म्हणशील तर अशा मदतीच्या कार्यक्रमांचीच. कुठे छप्पर गळतंय म्हटलं की यांनी तिकीट काढलंच. त्यांना मी एवढंच सांगितलंय की भाऊ लांब असतो, त्याचं स्वतःचं दुकान आहे. कसलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि कोणाबरोबर राहतो ते मी सांगितलं नाही. आता स्टेजवर जाऊन हात दाखवून अवलक्षण कशाला?

रागावू नकोस. तुझी लाज वाटते असं नाही, भीती वाटते. लग्न पार पडू दे, मग सगळं सांगू. तुझे भावजी म्हणतात, एकाचं सुख दुसऱ्याच्या नाटकापायी कशाला घालवायचं. भाची त्यांच्याशी भांडली आणि न जेवता झोपली.

मी येणार नाही. वाट बघू नकोस. स्टेजवर उभा राहशील तेव्हा खांदे सरळ ठेव, तुला वाकायची सवय आहे.

भाडेकरूला आशीर्वाद. लोभ आहे, तो एवढ्यावरून आटू नये.

तुझी,
ताई


दि. १३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम छान झाला. सभागृह भरलं, मागे लोक उभे होते. कारकुनाने घरचे नियम वाचले, तेव्हा समोरचे आईबाप आधी हसले आणि मग खाली बघू लागले. छपराचं काम पुढच्याच आठवड्यात सुरू होईल.

तू आली होतीस हे मला माहीत आहे. दारावर तिकिटं फाडायला भाडेकरू होता. त्याने तुला प्रत्यक्ष कधी पाहिलं नसलं तरी आपल्या भिंतीवरच्या फोटोत रोज बघतो. आत येऊन त्याने कानात सांगितलं, मागून दुसऱ्या रांगेत, कडेला. मी ठरवलं की तुझ्याकडे बघायचं नाही. तुझी खुर्ची रिकामीच ठेवली होती. तिच्यामागे उभा राहून बोलायला सुरुवात केली, आईचं सांगितलं, चापटीचं सांगितलं, आणि तरी बघितलंच. तेवढ्यात तू उठलीस.

निघालीस, ते दिसलं. बसलेल्या सगळ्यांत तू एकटीच उभी. लोकांनी मान वळवली असती तर तुला अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून मी घाईघाईने तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंना हात केला आणि खुर्चीत यायला सांगितलं. लांब पांढरे केस होते, अंबाड्यात बांधलेले. त्या अगदी आनंदाने आल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते, तेवढ्यात तू दाराबाहेर गेलीस. माझं काम झालं.

वेणी चांगली झाली. पण शेवटी ही माझी ताई म्हणायचं होतं, आणि समोर परक्या बाई. मी म्हटलं, या बाई कोण, मला माहीत नाही. लोक हसले, मग उभं राहून टाळ्या वाजवल्या. पोरं म्हणतात, काय वाक्य सुचलं तुम्हाला. मी त्यांना काही सांगितलं नाही.

रागावलेलो नाही. वाईट वाटलं, ते मात्र लपवत नाही. इतक्या लांब आलीस, तर जरा आणखी बसायचं होतंस.

लोभ तुझ्या सोयीने असू दे.

तुझा,
धाकटा


दि. २० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी निघायला उठले नव्हते.

घरी दुकानातल्या मालाच्या मोजणीचं कारण सांगून आले होते. कोपऱ्यात बसायचं, बघायचं आणि शेवटची बस धरायची, एवढाच बेत होता. पण त्या दोघींनी चादरीची घडी घातली ना, त्यात एकीने दुसरीच्या हातातलं टोक न बघताच घेतलं. वर्षानुवर्षं एका घरात राहिल्याशिवाय तसं जमत नाही. मला तू आणि तो दिसलात. त्याला मी भाडेकरू म्हणत आले, त्याची तिथे बसल्या जागी लाज वाटली.

मग तू खुर्ची मांडलीस. चापटीचं सांगितलंस आणि लोक हसले, तेव्हा मी केसांतल्या पिना काढल्या. पर्स शेजारच्या मुलीच्या मांडीवर ठेवली आणि तिला सांगितलं, सांभाळ गं, मी जाऊन येते. तिसऱ्या रांगेत विहीणबाईंचा अंबाडा मला दिसला होता. तो बघूनही स्टेजवर यायला उठले, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की कोण काय म्हणेल हे मनात आलं आणि तरीही पाय उचलला.

आणि तू त्यांनाच बोलावलंस.

तुझा काय दोष? मी अडचणीत दिसले की तू पुढे होतोस, लहानपणापासून असाच. माझ्याने तिथे हाक मारवली नाही. मोकळ्या केसांनी उभी राहिलेली बाई, आता परत बसणार तरी कशी? पर्स घेतली आणि दाराकडे चालू लागले. बाहेर टाळ्या ऐकू आल्या.

परवा रविवारी विहीणबाई आमच्याकडे आल्या. वेणीचं कौतुक अजून सरलेलं नाही. काय हलका हात त्या माणसाचा, म्हणाल्या, कुठे ओढ बसली नाही. कार्यक्रमानंतर तिथल्या पोरांकडे चौकशीही करून आल्यात. म्हणाल्या, ती खुर्ची त्याच्या बहिणीसाठी होती म्हणे, ती आलीच नाही. अशी कशी असेल हो ती बहीण?

मी म्हटलं, भित्री असेल.

असेल बिचारी, म्हणाल्या, आणि चहा संपवला. तुझी भाची दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं, कपबश्या उचलल्या आणि आत गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा येणार आहेत. तेव्हा नक्की सांगेन असं लिहायला पेन टेकलं होतं, पण तुला खोटी आशा लावायची नाही. तोंडातून निघालं तर कळवीन.

लोभ वाढावा असं लिहायची आपली रीत आहे. या खेपेला वाढवू नकोस, आहे तेवढा राहू दे.

तुझी,
ताई