झोळीसाठी लुगडं

१२ डिसें. शुक्र.
शुभांगीची पोरगी दिवसभर झोपली नाही. नाक सगळं आमच्या घरचं. बघत बसले तर दूध उतू गेलं, मंगलाने ओटा पुसून घेतला, सून चांगली आहे. पाळणा शुभांगीच्या सासरहून आलाय, लोखंडी, करकर वाजतो, पोर दचकते. मी म्हटलं झोळी बांधू. ट्रंकेतून माझं सुती लुगडं काढलं. हिरवं होतं, आता रंग सांगता येत नाही. माझा सुभाष याच झोळीत वाढला, मग त्याच्या दोघी पोरी, शुभांगी आणि प्रिया. शुभांगीने उजेडात धरलं. "आजी, यातून अंगणातला दोडका दिसतो. मी नाही टाकणार पोरीला यात."
बाळंतीण आहे, लुगडं घडी करून ठेवलं. लागलं मात्र. डिंकाचे लाडू बरे झाले.

१३ शनि.
प्रिया आली. धाकटी नात, धुळ्याला एम.एस्सी. करते, कापसाच्या सुतावर. बसमध्ये पारोळ्यापर्यंत उभी होती म्हणे. आधी भाचीला घेतलं, मग लुगडं. म्हणाली, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सूत फुगतं. फुगलेलं असताना ताणून धरलं तर मजबूत होतं, सैल सोडलं तर आटतं.
मी म्हटलं फुगतं ते आटतं कसं?
"जाडीला फुगतं आजी, लांबीला आटतं."
डोळे मिटून विचार केला. भाकरी फुगते ती काही आटत नाही. असेल.

१४ रवि.
गोठ्यात प्रयोग. शुभांगीला सांगितलं, पट्ट्या टिकल्या तर झोळी, नाही तर नाही. ती बरं म्हणाली.
मी जर्मनचं पातेलं दिलं तर प्रिया ओरडलीच, ॲल्युमिनियमवर कॉस्टिक उकळ्या मारतं. प्लास्टिकचा टब घेतला. हातमोजे, चष्मा. मला लांब बसवलं, खाटेवर, शेळीजवळ.
लुगड्याच्या तीन पट्ट्या फाडल्या. एक कोरी. एक कॉस्टिकच्या पाण्यात सैल सोडली, ती आखडून जाड झाली, जुनी म्हणवेना. एक चौकटीला ताणून बांधून भिजवली, तिला चकाकी आली. धुऊन वाळवून एकेकीला बादली टांगली, लोट्याने पाणी ओतत गेलो. कोरी लवकर तुटली. सैल सोडलेली तिच्याहून जास्त टिकली, पण लांबत लांबत गेली, धागे सुटताना दिसले, मग तुटली. ताणलेली सगळ्यांत जास्त टिकली. हललीसुद्धा नाही. मग एकदम फट्. शेळी उठून उभी राहिली.
प्रिया खूश, ताणलेली जिंकली म्हणे. मी खूश झाले, मग नाही झाले. जी न सांगता तुटते तिच्यात लेकरू कसं ठेवायचं?

१७ बुध.
गुडघा. मंगलाने निरगुडीचा पाला बांधला. पोरगी आज हसली, गॅस असतो म्हणतात, मला बघूनच हसली. ताणलेली की सैल, सुचत नाही.

२० शनि.
प्रिया परत आली. कॉलेजातले सर म्हणाले एकेका पट्टीवर काही ठरत नाही, पुष्कळ पट्ट्या लागतात. पुन्हा पट्ट्या फाडल्या. आज ताणलेली सैलच्या आधी तुटली, जुन्या घडीच्या रेषेवरच. प्रिया म्हणे, जुनं कापड सगळीकडे सारखं झिजलेलं नसतं. मग मागच्या रविवारचं खरं की आजचं? "दोन्ही," म्हणाली. शिकलेल्या माणसांचं असं.
अजून पट्ट्या काढायला निघाली तर मंगला आली. ती धुळ्याकडची, चिडली की माहेरची अहिराणी बोलते.
"बठ्ठं लुगडं फाडी टाकशात का? मंग झोळी कसानी बांधशात?"
खरंच, सगळं फाडलं तर झोळी कशाची बांधणार? एका झोळीपुरतंच उरलंय. तपासलं तर झोळी नाही, झोळी केली तर तपास नाही.

२१ रवि.
मी सांगितलं, सैल भिजव. तुटायच्या आधी लांबतं, आपल्याला कळतं, पोर उचलून घेता येतं.
"पण आजी, जोर ताणलेल्यात जास्त येतो."
"असू दे. तुटलं तर तुझा जोर धावत येणार आहे का?"
"परीक्षेत असं लिहिता येत नाही गं," म्हणाली आणि सैलच भिजवलं. मग धुणं, पाण्यावर पाणी, व्हिनेगर, परत पाणी. लाल लिटमस कागद लावून बघत होती, निळा झाला की कॉस्टिक उरलंय, परत धू. शुभांगी पोरीला घेऊन दारात उभी, लक्ष सगळं कागदावर. शेवटी लाल राहिला. शुभांगीने ओलं कापड स्वतःच्या गालाला लावून ठेवलं. बराच वेळ.

२८ रवि.
बारसं झालं. पोरीचं नाव आर्वी. मला जमतंय म्हणायला. पाळण्यातच झालं, सासरची माणसं होती. बायकांनी वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात फिरवलं. जेवणं उरकल्यावर प्रियाने तोच वरवंटा, कुंचीसकट, झोळीत ठेवला. मधल्या खोलीत, दुहेरी घडी. वरवंटा पोरीपेक्षा जड आहे.
झोळी थोडी खाली आली. मग थांबली. हे चांगलं की वाईट, प्रियाला विचारलं. "सांगता येत नाही आजी, बघू या."
पाहुणे गेल्यावर शुभांगी आली, पोर खांद्यावर. कापड दाबून बघितलं, गाठ बघितली. मी वाटाणे सोलत होते. तिने वरवंटा काढून जमिनीवर ठेवला. झोळी वर गेली, होती तितकी नाही. शुभांगी तिथेच उभी राहिली, पोरीला थोपटत, एक हात झोळीत.