शराटीच्या घरट्यावरची फांदी

सर,

वारज्याच्या नांद्रुकीवरची ती फांदी वॉचमननं तोडली नव्हती. मी तोडली होती. एवढी दोन वाक्यं लिहायला मला वीस वर्षांहून जास्त लागली, तेव्हा पुढचं सावकाश लिहिते.

तुम्ही शाळेत आम्हाला चित्रकला शिकवलीत, पण पक्षी बघायला मी शिकले ते तुमच्या निवृत्तीनंतर. मी नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते, हौसेनं कॅमेरा घेतला होता, आणि दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत फोटो घेऊन येत होते. मी काढलेला काळ्या शराटीचा पहिला फोटो तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलात आणि विचारलंत, “हा पक्षी आहे, की शाई सांडलीय?” आत काकू हसल्या. मग तुम्ही पेन्सिल उचललीत आणि ती लांब, खाली वळलेली चोच कपाळापासून टोकापर्यंत एका रेषेत काढलीत, हात न उचलता. काळ्या पक्ष्यावर उजेड बाजूनं घ्यायचा, म्हणालात, म्हणजे पंखांतली हिरवी-निळी झाक दिसते, खांद्यावरचा पांढरा डाग उठतो, डोक्यावरचं लाल खरखरीत कातडं जिवंत होतं. कपाटातून इजिप्तच्या चित्रांचं जाड पुस्तक काढून दाखवलंत. तिथे लेखनाच्या देवाला शराटीच्याच एका भाऊबंदाचं डोकं दिलेलं. “आपल्याकडे हा उकिरडा उकरतो,” तुम्ही म्हणालात. “तेही काम कुणीतरी करायला हवंच.”

त्या उन्हाळ्यात तुम्ही मला ते घरटं दाखवलंत. दुसऱ्या कुणालाही दाखवलं नव्हतंत, काकूंनासुद्धा नाही. वारज्यात तेव्हा शेतं संपत होती आणि इमारती उठत होत्या; आमच्यासारख्यांसाठीच उठत होत्या. एका अर्धवट इमारतीला लागून ते नांद्रुकीचं झाड उभं होतं आणि त्यात उंचावर काटक्यांचा पसारा, त्यावर शराटीची जोडी. तुम्ही रस्त्यापलीकडे घडीची खुर्ची टाकून दुर्बिणीतून बघायचात आणि वहीत चित्रं काढायचात. अंडी असल्यापासून रोज एक. पिल्लं उडेपर्यंत काढायची, एवढंच तुमचं ठरलं होतं. मी म्हटलं, इमारतीच्या तिसऱ्या स्लॅबवरून घरटं अगदी समोर येईल. तुम्ही दुर्बीण खाली ठेवलीत. त्या घरट्यावर एकच दाट फांदी आहे, म्हणालात, दुपारचं ऊन तीच अडवते आणि कावळ्यांची नजरही तीच अडवते. आपण जवळ गेलो की मोठे पक्षी उठतात, आणि ते उठले की पिल्लं उघडी पडतात. “आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं स्वयंपाकघरात शिरू नये.”

मग तुम्हाला ताप आला आणि आठवडाभर तुम्ही घरी होतात. शनिवारी मी एकटी गेले. वॉचमन चंद्रपूरकडचा होता, बायकोसह तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायचा. बाहेरच्यांना वर सोडायची परवानगी नव्हती. मी फार गयावया केली तेव्हा तो म्हणाला, ताई, पाच मिनिटं, आणि कुणाले सांगू नका. मी वर जाते. घरटं हाताच्या अंतरावर नाही, पण समोर आहे, तीन पिल्लं आहेत, आणि ती फांदी नेमकी आडवी आहे. मी खाली येऊन त्याच्याकडे कोयता मागते. नारळ सोलायचाय, असं खोटं सांगते. स्लॅबच्या कडेवरून वाकून पाच-सहा घाव घालते. फांदी पडते आणि बाजूनं उजेड आत येतो, अगदी तुम्ही सांगितला होता तसा. मादी परत येते, पंख अर्धवट उघडून पिल्लांवर सावली धरते. अख्खा रोल संपेपर्यंत मी तिथे बसले. पाच मिनिटांचे तीन तास झाले.

आठवड्यानं, रविवारी, तुम्ही बरे होऊन निघालात. स्कूटरवर मागे बसून तुम्ही पिल्लांना आता चोचीचा बाक आला असेल म्हणत होतात, आणि मला आरशात तुमच्याकडे बघवत नव्हतं. झाडावर कुणी नव्हतं. खाली एक पिल्लू मुंग्यांनी भरलेलं पडलं होतं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, मग वर, आणि मग भिंतीकडे ओढून टाकलेली ती फांदी उचललीत. तोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवलात.

“ही वाऱ्यानं पडलेली नाही. कुणी तोडली?”

“वॉचमननं तोडली असेल,” मी म्हटलं. “सरपणाला.”

तुम्ही त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलात. आयुष्यात तुमचा आवाज चढलेला मी त्या एकाच दिवशी ऐकला. तो फांदीकडे बघत होता, मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. पण सांगायचं तर मला वर सोडलं हेही त्याला सांगावं लागलं असतं.

“मी नाही तोडली जी,” एवढंच तो म्हणाला.

“मग कोणी तोडली?”

त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटरची किल्ली शोधू लागले. तुम्ही बिल्डरच्या ऑफिसात तक्रार केलीत, आणि पुढच्या वेळी गेटवर दुसरा माणूस होता. पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं. तुम्ही तिकडे बघितलंतही नाही. ती वही मात्र तुम्ही मिटलीत, आणि मग पुन्हा पक्षी काढल्याचं मला आठवत नाही.

फोटो उत्तम आला होता. ऑफिसच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि कंपनीच्या कॅलेंडरवर मे महिन्यात तो छापला गेला. ते कॅलेंडर तुमच्या घरी कुणी आणेल या धास्तीनं ते वर्ष मी काढलं. तुम्ही एकदा सहज विचारलंत, “त्या घरट्याचा तू एकही फोटो काढला नाहीस?” मी नाही म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला कळलं होतं का, हे मी त्या मान हलवण्यात अजून शोधते.

काल काकूंकडे गेले होते. तुमच्या चित्रांवर काम करणारी एक मुलगी आली होती. तिनं विचारलं, शराटीची मालिका मध्येच का थांबली? काकू तिला सगळं सांगू लागल्या. तो वॉचमन, सरपण, तुमचा संताप. मुलगी लिहून घेत होती. शेवटी काकू माझ्याकडे वळल्या. “ही होती ना बरोबर. हो ना गं?”

मी हो म्हटलं.

घरी येऊन हे लिहायला बसले, आधी तुम्हाला सांगावं, मग त्या मुलीला फोन करावा, असं मनाशी ठरवून. तिचा नंबर समोर आहे. पण वारज्याच्या त्या दिवसानंतर तुम्ही आणखी चार वर्षं होतात, सर, आणि मी दर रविवारी येत होते, तुमच्यासमोर बसून चहा पीत होते. तेव्हा जे जमलं नाही ते आता जमेल असं मला वाटत नाही. आणि तो फोटो आज पाहिला, तर अजूनही चांगला वाटला.