बाबांनी शिकवलेला शब्द

प्रिय संघदीप,

फोन नाही करत. फोनवर मी रडेन, तू 'राहू दे ताई' म्हणशील, अन् सांगायचं ते राहूनच जाईल.

काल उमरखेडच्या बसस्टँडवर तुमच्या राजूरच्या इंदूबाई भेटल्या. इकडं लग्नाला आल्या होत्या. हातावर पेढा ठेवला अन् म्हणाल्या, आत्या झाल्या अन् तुम्हाले पत्ताच नाही? अरे, निकिताला पोरगी होऊन महिना होत आला, येत्या रविवारी नामकरण, अन् सख्ख्या बहिणीला हे शेजारणीनं सांगावं? काहून लपवलं बाप्पा? इतकी का मी वाईट आहे?

संध्याकाळी राग उतरला तेव्हा कळलं. गेल्या पावसाळ्यात माझी लेक जन्मली अन् डोळे न उघडता गेली, म्हणून तुम्ही मला जपून राह्यले. आईच म्हणाली असेल, नका कळवू, तिच्या जिवाला लागेल. लागलंच रे. खोटं कशाला बोलू?

मग बाबा आठवले. वर्षावासात विहारात सांगायचे, करुणा सगळ्यांना जमते, मयतीला गाव लोटतं. पण दुसऱ्याच्या घरी पेढे वाटले की आपलं तोंड कडू होतं. ते होऊ न देता त्याच्या सुखानं आपणही हरखायचं, याला पालीत मुदिता म्हणतात. मोद, आमोद, प्रमोद त्याच 'मुद्' धातूचे, पण ते आपापल्या आनंदाचे. तू विचारलं होतंस, मराठीत याला काय म्हणतात? बाबा डोकं खाजवत बसले. हेवा, मत्सर, द्वेष, जळफळाट, तिकडचे शब्द ढीगभर, याला एकही सापडेना. आपल्याले लागलाच नसन बुवा, म्हणाले, अन् आपण किती हसलो होतो.

इंदूबाईंचा पेढा अजून डब्यातच आहे, खाल्ला नाही गेला. म्हणजे मुदिता मला अजून जमलेली नाही. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, तो मी सोडणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं येते. माझ्या लेकीसाठी मी मुदिता हेच नाव ठरवून ठेवलं होतं, ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ते तुझ्या पोरीला देऊ का? निकिताला आधी विचार. गेलेल्या पोरीचं नाव नको वाटलं तिला, तर मी दुसरं ठेवीन, रुसणार नाही. पण हो म्हणाली, तर ते नाव एकदा तरी मोठ्यानं हाक मारून घेऊ दे मला.

तुझीच,
उर्वशीताई