श्रावणीसाठी भूप

रविवार, संध्याकाळ. लातूर.

कार्यक्रमात वाद्यवृंदाच्या साथीनं माझ्या विद्यार्थिनीनं, श्रावणीनं, व्हायोलिनवर एकल काय वाजवावं, ते आज ठरवायचं होतं. मी द्रुत रचना काढून ठेवली होती, टाळ्या हमखास. तर ती म्हणाली, "मॅडम, भूपच द्या ना, संथ. मागचे सगळे वाजवायला लागले की मला ते ऐकू यायला पाहिजेत."

नांदेडला शिकत असताना माझ्या सरांनीही मला भूपच दिला होता. द्रुत हवं म्हणून मी रुसले होते. मग मंचावर तो माझा लांब गंधार, आणि त्याखालून हळूच उठलेला सगळा वाद्यवृंद... कंधारहून आलेले बाबा एवढंच म्हणाले, "लई ग्वाड वाजिवलंस." तो गंधार अजून कानात आहे. मग श्रावणीसाठी मी द्रुत का निवडलं?

श्रावणीला भूप दिला. सरावाला वाद्यवृंदाची साथ मीच माझ्या व्हायोलिनवर वाजवली. ती पुढं, मी मागं. थांबावंसं वाटेना.