आण्णांनी मशीनला कॉम्प्युटर जोडला, त्याची हकीकत

प्रिय शिवांजली,

रोज फोनवर बोलतो आपण, मग आईनं पत्र कशाला लिहिलं असं वाटंल तुला. पण मी फोन हातात घेतला की तुझे आण्णा शेजारी येऊन बसतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यादेखत सांगता येत नाही. आज ते आणि अजहर सामान आणायला बार्शीला गेलेत. घर निवांत आहे, म्हणून सगळं सलग लिहून काढते. तूही सवडीनं वाच, बँकेत टेबलावर उघडू नकोस.

मागं तू चिडून म्हणाली होतीस, "आण्णांना साठीनंतर हे कॉम्प्युटरचं खूळ कुठनं शिरलं? आराम करायचं सोडून." त्याचं उत्तर आज देते. आपलं मिलिंगचं मशीन तू लहानपणापासून बघत आलीस. वर कटर गरगर फिरतो, खाली टेबलावर लोखंड आवळलेलं, आणि तो टेबल तीन हँडलांनी हवा तिकडं सरकवायचा. हँडलावरचे आकडे आण्णा क्वचितच बघायचे. किती फिरवलं म्हणजे टेबल किती सरकला, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. टेबल सरकवणारे आतले स्क्रू झिजून ढिले झाले होते, पण ती ढिलाईसुद्धा त्यांचा हात सांभाळून घ्यायचा. आण्णांकडचं काम परत येत नाही, असं परंड्यात म्हणायचे लोक.

मागच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर ते परत आलं. ईट गावचा रणधीर पेरणी यंत्रं बनवतो ना, त्याच्या तबकड्या आपल्याकडंच होतात. तबकडीच्या कडेला खाचा असतात, एकेका खाचेत एकेक बी बसतं आणि तबकडी फिरंल तसं ते मातीत पडतं. खाचांमधलं अंतर सारखं नसलं तर बी कुठं दाट पडतं, कुठं विरळ. रणधीर पिशवी घेऊन आला, इकडचं तिकडचं लई बोलला, चहा घेतला, आणि मग खाली बघत म्हणाला, "आण्णा, राग मानू नका, पण ह्या बारीला खाचा चुकल्यात." आण्णांनी एक तबकडी उजेडाला धरून बघितली. "व्हय, चुकल्यात," म्हणाले, "ठेव, बदलून देतो." एवढंच. तो गेल्यावर ते मशीनपाशी कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. खाचा का चुकल्या ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे, म्हणून आधी मशीनचंच सांगते.

त्यानंतर आठवड्याभरानं ते अजहरला घेऊन आले. हनीफ मिस्त्रींचा अजहर. चाकणला कंपनीत मशीनच्या वायरिंगचं काम करायचा. वडील अंथरुणाला खिळले तसा गावी परतला. आण्णा त्याला म्हणाले, "माझ्या मशीनची हँडलं काढायची आणि तिथं मोटरी बसवायच्या. आकडे कॉम्प्युटरनं सांगायचे. जमंल का?" अजहर म्हणाला, "जमंल, पण आण्णा, तुमाला शिकावं लागंल." आणि शिवा, ते शिकले. सगळ्या परंड्याला शिकवायचं ज्या माणसानं, तो तुझ्या वयाच्या पोरासमोर स्टूल ओढून बसायचा आणि समजलं नाही की न लाजता "परत सांग" म्हणायचा. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची इंग्रजी अक्षरं मोठ्या कागदावर लिहून घेऊन भिंतीला चिकटवली. जेवतानासुद्धा त्याचीच बडबड. मला म्हणायचे, "मशीनला नुसतं 'जा' म्हणून भागत न्हाय गं, कुठं जायचं, किती जोरात जायचं, कुठं थांबायचं, समदं सांगावं लागतं." मी म्हटलं, तुमाला पण तसंच सांगावं लागतं. हसले होते तेव्हा.

मोटरी बसल्या त्या दिवशी अजहरनं कटरच्या जागी बॉलपेन बांधलं आणि टेबलावर कागद चिकटवला. मशीननं गोल काढायचा होता. टेबल आपोआप सरकायला लागला तसं माझ्या अंगावर शहारा आला. गोल निघाला तो अंड्यासारखा. अजहरचं तोंड उतरलं. आण्णांनी कागद फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "स्क्रूची ढिलाई हाय ही. इतकी वर्षं मला चकवायला बघत हुता, आता कॉम्प्युटरला चकवतोय." अजहर म्हणाला, ढिलाई किती ते कॉम्प्युटरला सांगून ठेवू, तो भरून काढंल. त्यावर आण्णा म्हणाले, "एकच आकडा चालायचा न्हाय. काम नेहमी मधी व्हतं, म्हणून मधी जास्त झिजलाय, कडंला कमी." मग दोघांनी सगळे स्क्रूच बदलायचं ठरवलं. नवे मागवले, ते बसवायच्या बैठका इथंच बनवल्या. बैठकांचं काम अजहरनं केलं, आण्णा शेजारी उभं राहून सांगत होते. स्वतः का करत नाहीत, हे अजहरनं विचारलं नाही.

पहिल्यांदा लोखंड कापायचं होतं तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच बसले होते. एका मोटरीची दिशा उलटी जोडली गेली होती. टेबल मागं सरकायच्या ऐवजी सरळ कटरवर चालून गेला. कडाड आवाज झाला, कटरचा तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला, तरी टेबल पुढं जातच होता. अजहर कॉम्प्युटरपाशी होता. बंद करायचं लाल बटण आण्णांच्या अगदी हाताशी होतं. त्यांनी हात उचलला, पण तो बटणापर्यंत पोचेना. मधेच हवेत थरथरत राहिला. मी उठून बटण दाबलं.

मग आण्णा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "अजहर, तुझी चूक न्हाय. आधी रिकामं चालवून दिशा बघू, ह्ये म्या म्हणायला पायजे हुतं." आणि पुढं म्हणाले, "आन् हात असा हाय माझा. तबकड्या त्याच्यामुळंच बिघडल्या." अजहर मान खाली घालून तुकडे गोळा करत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक बटण आणून बसवलं, तळहाताएवढं मोठं, खाली गुडघ्याच्या उंचीवर, नुसता गुडघा टेकवला तरी मशीन थांबंल असं. कुणासाठी, ते तो बोलला नाही. आण्णांनी गुडघा टेकवून बघितला आणि म्हणाले, "झ्याक बसवलंस."

तर शिवा, हे आहे. कंपवात म्हणतात त्याला. सोलापूरला लग्नाला गेलो म्हणून तुला सांगितलं, तेव्हा डॉक्टरकडं गेलो होतो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो, असं म्हणाले डॉक्टर. येताना एसटीत तुझे आण्णा खिडकीबाहेर बघत होते. परंडा जवळ आलं तेव्हा म्हणाले, "हात हालतोय. डोकं न्हाय हालत." आणि मग म्हणाले, तुला कळवायचं नाही. मशीन विकायचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नाही. दुसरा एखादा खाटेवर बसून राहिला असता. ह्यांनी हाताचं काम मशीनला देऊन टाकलं आणि डोक्याचं स्वतःकडं ठेवलं. आता एका बोटानं कॉम्प्युटरवर आकडे घालतात. मला समजावून सांगतात, "हात हालला तर अक्षर चुकतं. ते खोडता येतं. लोखंड खोडता येत न्हाय." मग दोनदा वाचतात, एकदा मशीन रिकामं चालवून बघतात, आणि मगच लोखंडाला कटर लावतात.

ह्या हरभऱ्याच्या पेरणीसाठी रणधीरच्या तबकड्या तशाच केल्या. त्यानं आधी स्वतःच्या रानात पेरून बघितलं, आणि उगवून आल्यावर फोन केला, "आण्णा, ईटला या, रान दाखवायचंय." आम्ही गेलो. बांधावर उभं राहिल्यावर सगळ्या ओळी शेवटापर्यंत सारख्या अंतरानं दिसत होत्या. रणधीर कौतुक करत होता, पण आण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं. खाली बसून, हरखून रोपं न्याहाळत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. आमच्यात तसं बोलायची रीत नाही. तुला सांगते, मला त्यांचा लई अभिमान वाटला.

पुढच्या महिन्यात तू येणार आहेस. हे कळल्यापासून ते आरशासमोर हात खिशात घालून उभं राहायची सवय करतायत, मी दारातून बघितलं. गोळ्यांनी फरक आहे, पण लपण्याइतका नाही. तू दारात पाऊल टाकशील आणि तुझी नजर हातावर जाईल, तुझा चेहरा बदलंल, आणि मशीन चालू झालं तेव्हापासून सरळ झालेला हा माणूस पुन्हा वाकंल, ह्याची मला भीती वाटते. म्हणून हे पत्र. जे रडायचं ते तिकडंच रडून घे, बाळा. इथं आलीस की बॅग ठेवायच्या आधी म्हण, आण्णा, मशीन दाखवा. आणि विचार त्यांना, खोदून खोदून विचार. ते सांगायला लागले की हात खिशातनं आपोआप बाहेर येतात.

तुझीच,
आई