दुसरी खाच

२२ सप्टेंबर २००७, शनिवार. वॉटफर्ड.

सातेरीदेवीच्या कृपेने सुखरूप पोचले. पाच दिवसांचा गणपती पोचवून, पक्ष लागायच्या आत निघायचं असं बाबांनी ठरवलं होतं, तसंच झालं. विमानतळावर हे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एकच फूल घेऊन उभे होते. लग्नानंतर दोन वर्षांनी दिसले. बारीक झालेत, डोळ्यांखाली काळं आलंय. जेवत नव्हता का, म्हटलं, तर म्हणाले, आता तू आलीस ना, बघ कसा सुटतो ते.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ओट्याच्या कोपऱ्यात फळी ठोकून ह्यांनी देव्हाऱ्याची जागा आधीच करून ठेवली होती. पाहून डोळे भरून आले. दिवा लावला. ह्यांनी दिव्यावर हात धरून बाबांना दिलेला शब्द माझ्यापुढे पुन्हा दिला, की लॉरी एकटा हाकणार नाही. माझा धाकटा काका एकटाच ट्रक नेताना झोप लागून आंबोली घाटात गेला, म्हणून बाबांची ही अट. ह्यांच्या लॉरीवर विष्णू नावाचे मालवणचे जोडीदार आहेत. एक हाकतो तेव्हा दुसरा मागच्या बाकावर झोपतो. मला काळजी उरली नाही.

आजचा खर्च: दूध, कांदे, बटाटे, मीठ. कोथिंबिरीची जुडी हातात घेतली आणि भाव बघून परत ठेवली.

३० सप्टेंबर, रविवार.

आता प्रत्येक फेरीला दोन डबे भरायचे. लॉरी एडिनबराला जाते नि परत येते. विष्णूभावजी ल्यूटनला राहतात, यार्डातच गाडीत चढतात, त्यामुळे अजून भेट नाही. त्यांना ओलं खोबरं सोसत नाही, म्हणून त्यांची आमटी वेगळी. ह्यांचा डबा खरकटा येतो, भावजींचा कसा लख्ख घासून! ह्यांना म्हटलं, शिका जरा मित्राकडून.

मालकाच्या दोन लॉऱ्या आहेत. जुनीत बशीएवढी कागदाची तबकडी घालतात. गाडी कधी चालली, कधी थांबली ते आतली सुई तिच्यावर कोरत जाते, आणि मध्ये ड्रायव्हरने आपलं नाव लिहायचं. नवीत यंत्र आहे, त्याला प्रत्येकाचं फोटोवालं कार्ड लागतं. साडेचार तास हाकलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तासांच्या वर जायचं नाही, असा इथला कायदा. साहेबाला माणसाची किंमत आहे, असं वाटलं. भावजींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं हे म्हणाले, म्हणून त्यांच्या तबकड्यांवर नाव मी घालून देते. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं.

मला गाडी शिकवणार म्हणे! मी म्हटलं, लॉरी? तर पोट धरून हसले. नाही गो, साधी गाडी, पुढेमागे शिकाऊचा एल चिकटवून. स्टेशनवरच्या मशिनीत फोटो काढला, कुंकू मोठंच ठेवलं. दोन फॉर्मांवर सह्या केल्या.

२१ ऑक्टोबर, दसरा.

यार्डात जाऊन नव्या लॉरीची पूजा केली. झेंडू मिळाला नाही, पिवळी फुलं मिळाली ती ओवली. शिडी चढून आत गेले, केवढं उंच! समोर रेडिओसारखी काळी पेटी, तिला दोन खाचा. पहिली हाकणाऱ्याच्या कार्डाची, दुसरी जोडीदाराच्या. दोघांनी जागा बदलली की कार्डं आलटून पालटून. दोन्ही खाचांना हळदकुंकू वाहिलं नि म्हटलं, जो जो तुझ्यात नाव घालील, त्याला जागं ठेव.

भावजी सिगरेट ओढायला गेलेत म्हणाले. वाट पाहिली, आले नाहीत. मी बाजूच्या सीटवर हळदीची बोटं लावायला गेले, तर गादी खोल दबलेली होती. माझ्यादेखत हळूहळू वर आली. नव्या गाद्या तशाच असतात, हे म्हणाले.

३ नोव्हेंबर, शनिवार.

हे फार थकतात. काल सांगत होते, न्यूकॅसलच्या अलीकडे डोळा लागला तो एकदम पुढे कितीतरी मैलांवर उघडला. मी म्हटलं, मग भावजी आहेत कशाला? हे हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. माझं शिकाऊ लायसन आलं. शिकवणी रविवारी. मागच्या रविवारीही रविवारीच म्हणाले होते.

१० नोव्हेंबर, पाडवा.

इथे मला भाऊ कुठला? उद्या भाऊबीज. विष्णूभावजींच्या डब्यात करंज्या, शेव आणि पुडीत कुंकू ठेवलं. ह्यांना बजावलं, त्यांना म्हणावं बहिणीने बोलावलंय, ओवाळून घ्यायला या. हे डबा उचलून मागे न बघता जिना उतरले.

११ नोव्हेंबर, भाऊबीज.

हॉस्पिटलात नर्स असलेल्या गिरिजाताईंकडे फराळाला गेले होते. बोलता बोलता म्हटलं, आमचे विष्णूभाऊ संध्याकाळी येतायत ओवाळून घ्यायला. ताईंच्या हातातली बशी वाकडी झाली. अगं, कोण विष्णू, मालवणचा? तो जूनमध्येच गेला. रस्त्याकडेच्या थांब्यावर, स्टेअरिंगवर डोकं टेकवून. हृदय थांबलं. आम्हीच सगळ्यांनी मिळून त्याला गावी पाठवला. तुझ्या नवऱ्याने खांदा दिला होता. तुला ठाऊक नाही?

ठाऊक नाही.

घरी आले. हे आलेले, पिशवी दारात. दुसरा डबा लख्ख. उघडला. तळाशी एक पौंडाचं नाणं, ओलं, त्याला माझं कुंकू लागलेलं.

ओवाळणी.

१२ नोव्हेंबर, सोमवार.

ह्यांनी सगळं कबूल केलं. विष्णू गेल्यावर त्याचं कार्ड सरकारला परत पाठवलंच नव्हतं. आपले तास भरले की ते हाकणाऱ्याच्या खाचेत घालायचं आणि आपलं जोडीदाराच्या. यंत्राला वाटतं माणूस बदलला. जुन्या गाडीत तीच गत तबकडीची, म्हणून अक्षर वेगळं हवं होतं. माझं. पगार दोघांचा, विष्णूच्यातला निम्मा मालकाला. डबा तेवढा माझ्या समाधानासाठी. अन्न ते वाटेत टाकून देत होते. टाकून! मी दाणा दाणा वेचून शिजवायचं नि हे—

मग डबा घासत कोण होतं, विचारलं. म्हणाले, मी कधीच घासला नाही. आणि नाणंही माझं नाही. मला झोप लागते तेव्हा गाडी सरळ जाते गो. विष्णू सांभाळतो.

पक्षात मेलेल्याच्या नावाने एकदा पान वाढतात. मी ते प्रत्येक फेरीला वाढत होते. बाबांना दिलेला शब्द ह्यांनी मेलेल्या माणसाच्या जिवावर पाळला.

कार्ड मागून घेतलं. पार्कातल्या कालव्यावर गेलो. तीळ, पाणी. म्हटलं, विष्णूभाऊ, पुरे झालं, आता निजा. कार्ड बुडायला वेळ लागला. फोटोतला चेहरा वर होता.

ह्यांनी पुन्हा दिव्यावर हात धरला. यापुढे एकच कार्ड. मी विश्वास ठेवला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार.

आता एकच डबा. हे म्हणतात मालकाने जवळची फेरी दिली. पण येतात तेव्हा पूर्वीइतकाच उशीर.

उजवा तळपाय दुखतो. गिरिजाताई म्हणाल्या, इथली फरशी गार, मोजे घाल, पायताण घाल. घातले. कणीक मळताना मुठी आपोआप वळतात नि समोर धरल्या जातात, परातीच्या दोन कडांना.

२८ नोव्हेंबर.

हे निघाले की काही वेळाने सुरू होतं. ओट्यापुढची जमीन थरथरते. खालच्या बिऱ्हाडात विचारलं, त्यांना काही जाणवत नाही. हातांना डिझेलचा वास. साबणाने जात नाही.

डोळा मिटत नाही. मिटूच देत नाही कोणी. दसऱ्याला मीच तसं मागितलं होतं— जो जो नाव घालील त्याला—

पण माझं नाव कुठे आहे?

२ डिसेंबर, रविवार.

हे अंघोळीला गेले. जाकीट झटकायला घेतलं. खिशातून कार्ड पडलं.

स्टेशनवरचा फोटो. मोठं कुंकू. इंग्रजीत माझं नाव, कल्याणी.

तो दुसरा फॉर्म.

हे टॉवेल गुंडाळून आले. ओरडले नाहीत. माझ्या हातातून हलकेच कार्ड काढून घेतलं. म्हणाले, तुला काहीच करायचं नाही, नुसतं खाचेत राहणार. परक्याचं घेण्यापेक्षा घरचं बरं, नाही का. आणि तू आहेस म्हटल्यावर मला निश्चिंत झोप लागते.

सप्टेंबरातच ठरवलं होतं. आल्या आल्या. फूल देताना.

३ डिसेंबर.

पायाशी बसले, जाऊ नका म्हटलं, मला गाडी येत नाही. त्यांना बाकीच्या चिंता. हप्ते. रविवारी शिकवतो, नक्की.

गेले.

४ डिसेंबर.

परत आले नाहीत. फेरीवर फेरी घेतली, असा निरोप. म्हणजे माझ्या कार्डावर—

देव्हाऱ्यापर्यंत जाता येत नाही. बसले की बसलेच. पाठीला गादी लागते. खुर्ची लाकडाची आहे.

भूक नाही. डबा भरला, दुसरा, विष्णूभाऊंचा. कोणी घेतला नाही. तसाच आहे.

गिरिजाताईंना फोन केला. ड्यूटीवर.

५ डिसेंबर. दुपार.

खिडकीत समोरचं घर नाही. धुकं. पांढऱ्या रेघा, एकेक येते नि पायाखाली जाते.

वही मांडीवर. एका हाताने लिहिते. दुसरा सुटत नाही.

ह्यांना फोन लावला. वाजला. इथेच वाजला— माझ्या पाठीमागे. आणि घोरणं. बाकावर. गाढ, लहान मुलासारखं. हाका मारल्या. अहो. अहो उठा. माझा आवाज त्यांना—

विष्णूभाऊ, या हो. ओवाळणी घेतलीय मी तुमची. मीच सोडलं तुम्हाला पाण्यात, मला काय माहीत की तुमच्यानंतर मी—

उजवा पाय खाली जातोय. मी दाबत नाहीये.

पुढे लाल दिवे. पुष्कळ. सगळे थांबलेत. एका गाडीत मागच्या काचेला मूल—

तीन पट्ट्या आहेत पायाशी. रविवारी सांगणार होते. ब्रेक मधला की