१०२२११७ ला कोणी भागू शकत नाही

३ मार्च, सोमवार
सासरे कायमचे राहायला येणार. गुडघे दुखतात. बाल्कनीची खोली त्यांना द्यायची, असं हिने परस्पर ठरवलं. घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच खोली. देणार नाही.

४ मार्च, सकाळी
पेपरात वाचलं: मूळ संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच भागू शकत नाही. माझंच वर्णन. माझा कर्मचारी क्रमांक १०२२११७. विषम. अंकांची बेरीज चौदा, म्हणजे तीनही गार. बावीस वर्षं एकाच टेबलाशी आहे, एकाही साहेबाला मला हलवता आलं नाही. (प्रमोशनसाठीसुद्धा.)

४ मार्च, संध्याकाळी
सासरे गणिताचे निवृत्त मास्तर. फोनवर पैज लावली: माझी संख्या मूळ निघाली तर त्यांनी हॉलमध्ये झोपायचं, नाहीतर मी. संख्या कोणती, ते आल्यावर सांगेन. तयारीला वेळ कोण देतो. ते लगेच हो म्हणाले. वयाने माणूस बेसावध होतो.

७ मार्च
मुलीच्या जुन्या पुस्तकात शेवटी मूळ संख्यांची यादी आहे. एकशे अडुसष्ट. प्रत्येकीने भागून पाहणार, तेही हाताने. कॅल्क्युलेटर म्हणजे कॉपी. रोज तीस. आज चार झाल्या. पेन चालत नव्हतं.

११ मार्च
अकराने बाकी आठ. तेराने पाच. एकेक जण तोंडावर आपटतोय. ऑफिसात दोन फाइली मागे पडल्या. पडोत.

१५ मार्च
ही विचारते, आधी वर्गमूळ काढलंत का, कुठवर भागायचं ते कळेल. शेवटी मास्तरांचीच मुलगी, फितूर होणारच. म्हटलं, यादी छापणाऱ्यांना अक्कल असेल ना?

२१ मार्च
९९७ ला यादी संपली. बाकी १९२. वहीही संपली. १०२२११७ मूळ आहे. बाल्कनीसाठी नवी खुर्ची आणली.

२३ मार्च, रविवार
सासरे आले. बूट काढायच्या आत वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही. चहा मागितला, आकडा दोनदा वाचला, पेपरच्या कडेला १०११ चा वर्ग मांडला, त्यातून चार वजा केले आणि कपात बिस्किट बुडवलं. वर्गातून वर्ग गेला की दोन तुकडे पडतात म्हणे: १००९ गुणिले १०१३. बिस्किट अजून अखंड होतं.
मी गुणून पाहिलं. तीनदा.
माझ्या यादीनंतरची पहिली मूळ संख्या १००९. एक भागाकार राहिला होता. एक!
हिने माझी गादी हॉलमध्ये टाकली.

२४ मार्च
हार मानलेली नाही. दोन-पाचाने भागले जाणारे लोक वेगळे. मला भागायला हजाराच्या वरचे दोघे लागले. यादी अर्ध्यावर सोडणाऱ्या प्रकाशकाला कडक पत्र लिहिणार. उद्या.

३० मार्च, रविवार
नवी पैज. खोली परत घेणार. या वेळी माझा मोबाइल नंबर, दहा आकडी. मागची चूक पुन्हा नाही: सुरुवातच १००९ पासून केली. आठवडाभरात अकरा पानं, एकाचाही शिरकाव नाही. सासऱ्यांना दाखवायला बाल्कनीत गेलो. नव्या खुर्चीत बसले होते. वहीकडे बघितलंही नाही, नंबर त्यांना पाठ आहे. म्हणाले, "जावईबापू, शेवटचा आकडा आठ आहे."